अंगठा माझा घेतला, भाडेकरूला कोणी विचारलंच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्लस्टरबद्दल, म्हणजे जुन्या धोकादायक बिल्डिंगी एकत्र पाडून सगळी वस्तीच नव्याने बांधायच्या योजनेबद्दल, आपल्याकडे आलेली दोन पत्रं वाचली. एक 'लवकर पाडा' म्हणणाऱ्याचं, दुसरं 'आमच्या गाळ्याचं काय' असं विचारणाऱ्याचं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या किसननगरात रोज संध्याकाळी व्यायामशाळेच्या ओट्यावर याच दोन बाजू भांडत असतात. मला तिसरंच काही सांगायचं आहे. त्याआधी एक कबुली देतो. माझ्या इथे दोन खोल्या आहेत, एकीत आम्ही राहतो आणि दुसरी भाड्याने दिलेली आहे. माझा स्वार्थ कुठे आहे हे वाचकांना आधीच कळलेलं बरं.

मी १९७९ साली पाटण तालुक्यातून ठाण्यात आलो आणि कारखान्यात लेथ यंत्रावर टर्नर म्हणून लागलो. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत. तेव्हा तिन्ही पाळ्यांत लेथचा आवाज थांबत नसे. कारखान्यांसाठी रस्ते झाले, पाणी आलं, वीज आली. कामगाराने झोपायचं कुठे, याचा नकाशा मात्र कोणी काढला नव्हता. मग जमीनवाल्याने आणि ठेकेदाराने मिळून मजल्यावर मजले चढवले आणि आम्ही स्टॅम्प पेपरवर खोल्या घेतल्या. सोसायटी नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. घरपट्टी मात्र न चुकता भरतो.

क्लस्टर हवं की नको, या वादात मी 'हवं'वाला आहे. आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये एवढंच अंतर आहे की हात लांबवून साखरेची वाटी देता येते. पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटतं. दोन पावसाळ्यांपूर्वी आमची मंडळी जिन्यात पडली तेव्हा रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरच थांबली. स्ट्रेचर वर आलं तर जिन्याच्या वळणावर फिरेना. शेवटी चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली आणलं. तळमजल्यावर छताला लोखंडी जॅक लावलेत, त्यांनाच लोक सायकली बांधतात. एकेक बिल्डिंग पाडून नवी बांधायची म्हटलं तरी रस्ता येणार कुठून? म्हणूनच किमान दहा हजार चौरस मीटरचा तुकडा एकत्र घ्यायचा आणि त्यात रस्ते, मैदान, शाळा बसवायची, ही कल्पना मला पटते. गावठाण-कोळीवाड्यांनी विरोध केला, त्यांचं कारण वेगळं आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्यांची. आमचं तसं नाही.

ओट्यावरच्या भांडणाचे विषय ठरलेले आहेत. घर किती फुटांचं मिळणार, टॉवरच्या लिफ्टचा मेंटेनन्स कोण भरणार, आणि कोपऱ्यावरच्या गाळेवाल्याला पुन्हा कोपराच मिळणार का? एक गृहस्थ तर विसाव्या मजल्यावर वाळवण घालायचं कसं, यावर अर्धा तास बोलले. (प्रश्न तसा खोटा नाही.) सारं भांडण खोलीमालकांचं.

माझ्या दुसऱ्या खोलीत चौदा वर्षांपासून एक बाई राहतात. नवरा वारला. इस्टेटमधल्या आयटी कंपन्यांच्या पोरांना त्या पोळी-भाजीचे डबे पोचवतात, पहाटे चारला त्यांचा स्टोव्ह पेटतो. मुलगी नववीत आहे. भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट पन्नास हजार. दर अकरा महिन्यांनी कागद नवा करायचा असतो. गेल्या काही वर्षांत तोही आम्ही दोघांनी कंटाळून केलेला नाही. मंडळी खुर्चीतून खाली गेली त्या दिवशी दवाखान्यात रात्रभर याच बाई बसल्या होत्या. माझा मुलगा पुण्याहून दुसऱ्या दिवशी आला.

सर्वेक्षणाला दोन मुलं आली, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. माझा अंगठा घेतला, फोटो काढला, खोली मापली. मग बाईंच्या दारात जाऊन विचारलं, "मालक कोण?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या खोलीवरही माझाच अंगठा. बाईंचं नाव, माणसं किती, किती वर्षं राहतात, यातलं काहीच विचारलं नाही. मुलांचा दोष नाही, त्यांच्या टॅबमध्ये तो रकानाच नसावा.

बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली की आम्हा मालकांना नव्या घराची आशा तरी असेल. बाईंना मी डिपॉझिट परत करीन, माझी जबाबदारी तिथे संपली. पण त्याच महिन्यात आसपासच्या सगळ्याच बिल्डिंगी रिकाम्या होत असतील. मग साडेसहा हजारांत वागळेत खोली कोण देईल? एजंट आत्ताच भाव वाढवून सांगतो. बाई दिवा स्टेशनकडे जातील, मुंब्र्याच्या पुढे जातील, जिथे स्वस्त मिळेल तिथे. डब्यांचं काम इथलं, ते सुटणार.

४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. इमारतीचं काम अजून चालू होतं, तरी खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहत होती. कोण राहतं अर्धवट इमारतीत? ज्याला दुसरीकडे भाडं परवडत नाही तो. ठाण्यात क्लस्टरची मागणी जोराने उठली ती त्या ढिगाऱ्यावरून. आता त्याच क्लस्टरपायी आमच्या गल्लीतले भाडेकरू पुन्हा तसल्याच एखाद्या इमारतीत जाणार असतील, तर आपण धोकादायक इमारत पाडली की नुसती पुढे सरकवली?

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. यादीत भाडेकरूचा रकाना घाला. मालकाएवढा हक्क द्या असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर ओट्यावर मला बसू देणार नाहीत. पण योजनेत चार एफएसआय मिळतो, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकाम करता येतं, विक्रीचे टॉवर त्यातच उभे राहतात. मग प्रत्येक क्लस्टरमध्ये एखादी इमारत पालिकेच्या मालकीच्या भाड्याच्या खोल्यांची का असू नये? आणि बांधकाम चालू असेल तोवर भाडेकरूलाही संक्रमण शिबिरात जागा हवी, मग तिथलं भाडं त्याच्याकडून घ्या. जून २०२३ मध्ये इथे भूमिपूजन झालं, तेव्हा मंडपात डबे आमच्या बाईंचेच होते, म्हणजे निदान कार्यकर्त्यांच्या जेवणाचे तरी.

मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, तुम्ही यात पडू नका, दोन खोल्यांची दोन घरं मिळाली तर कोणाला नको आहेत? मलाही नको आहेत असं नाही.

परवा बाईंनी विचारलं, "भाऊ, पुढच्या मार्चपर्यंत तरी राहता येईल ना? पोरीची दहावी आहे." मी म्हटलं, बघतो. कोणाकडे बघायचं ते मला अजून सापडलेलं नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर कळवावं.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
किसननगर, ठाणे (प.)
(नाव छापू नये ही विनंती. मला रोज त्याच ओट्यावर बसायचं आहे.)