जड ट्रेलर आणि डिझेल इंजिनाची निवड

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येथे कोलोरॅडोत जड ट्रेलर ओढण्यासाठी डिझेल पिकअप घेऊ पाहणारे परिचित मला पहिला प्रश्न अश्वशक्तीचा विचारतात, याची मला काळजी वाटते. रॅम या पिकअपमधील ६.७ लिटरचे, ओळीत सहा सिलिंडर असलेले कमिन्स, फोर्डचे ६.७ लिटरचे व्ही-८ पॉवरस्ट्रोक आणि जनरल मोटर्सचे ६.६ लिटरचे व्ही-८ ड्युरामॅक्स ही तिन्ही इंजिने कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देत असल्याने चढाची फारशी चिंता उरत नाही. खरी कसोटी उतारावर लागते. येथील डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गावाकडे ७ टक्के उताराचा रस्ता आहे. तेथून घोड्यांचा ट्रेलर घेऊन उतरताना जळक्या ब्रेकचा वास केबिनमध्ये शिरला आणि आरशात चाकांपाशी निळसर धूर दिसला, कारण माझ्या जुन्या पिकअपला एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा वायू अडवून गाडीचा वेग रोखणारी यंत्रणा, नव्हता. शिवाय डिझेल इंजिन मुळातच वजनदार असल्यामुळे गाडीची भारक्षमता घटते आणि साध्या हुकवर ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार येतो, तो वेगळाच. ही भारमर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते; विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्याआधी ती वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, डेन्व्हर