‘पावसाळ्यात बिनधास्त’ कशाच्या आधारावर? टायर कंपनीला तक्रारीचे पत्र

कराड, जि. सातारा
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मोटरसायकलचा मागचा टायर (१३०/७०-१७, ट्यूबलेस) ओल्या रस्त्यावर पकड धरत नसल्याबाबत आणि त्यावरचा क्लेम नाकारल्याबाबत.

संदर्भ : जूनमधील खरेदीचे बिल, जुलैमधील माझी पहिली तक्रार आणि तुमचे या महिन्यातील उत्तर.

महोदय,

तुमचे उत्तर मिळाले. ‘टायरमध्ये उत्पादनदोष आढळून आला नाही, सबब क्लेम नामंजूर’ एवढीच दीड ओळ, आणि खाली सुरक्षित प्रवासाच्या शुभेच्छा. माझी मूळ तक्रार कृपया पुन्हा एकदा वाचावी. टायरला फुगा आला, चीर गेली किंवा आतली दोरी दिसायला लागली, असे मी त्यात कुठेही म्हटलेले नाही. पावसाळ्याचा म्हणून तुम्ही जो टायर विकलात तो पावसाळ्याच्या कामाचा नाही, अशी माझी तक्रार आहे. विचारले एक आणि उत्तर आले भलत्याचेच, म्हणून हे दुसरे पत्र.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. कराड, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंतचे डॉक्टर माझ्याकडे आहेत. पाऊस आहे म्हणून कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, बंद ठेवता येत नाहीत. उलट ताप-जुलाबाचे दिवस ते, तेव्हाच जास्त फिरावे लागते. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे टायर किती किलोमीटर चालेल यापेक्षा ओल्यात किती धरेल, हीच माझी काळजी होती. विक्रेत्याला मी तसे स्पष्ट सांगितले. त्याने काउंटरमागचा तुमचा बोर्ड दाखवला. पाणी उडवत वळणावर झुकलेली गाडी, टायरला बोटभर खोल खाचा आणि वर ठळक अक्षरांत ‘पावसाळ्यात बिनधास्त’. शेजारीच दुसऱ्या कंपनीचा टायर चारशे रुपयांनी स्वस्त होता. तो बाजूला ठेवून मी तुमची पुढची-मागची जोडी घेतली, ती या दोन शब्दांवर विसंबून.

आता प्रसंग. नव्या टायरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवायचे असते, ते अंतर केव्हाच मागे पडले होते. जुलैच्या सुरुवातीला हेळवाक सोडून मी कुंभार्ली घाटातून पोफळीच्या बाजूला उतरत होतो. पाऊस थांबलेला, डांबर ओले, पण साचलेले पाणी नाही, चिखल नाही, दरडीची माती नाही. डावे वळण, दुसरा गिअर, वेग तीसच्या आसपास. ब्रेकला पाय लागलेला नव्हता. नुसता अॅक्सिलरेटर सोडला, इंजिनने गाडी ओढून धरली आणि त्या तेवढ्या ओढीने मागचे चाक बाहेर सरकले. गाडी डाव्या अंगावर घसरत गेली. फूटरेस्ट वाकले, गुडघा सोलवटला, सॅम्पलची बॅग फुटून गोळ्यांच्या पट्ट्या रस्ताभर झाल्या. मागून एसटी येत होती. चालकाने ती वेळेत उभी केली, म्हणून हे पत्र मीच लिहितो आहे.

त्याआधीही मागचे चाक हलत होते. पांढऱ्या पट्ट्यांवर, पुलाच्या लोखंडी सांध्यावर कुठलाही टायर थोडा सरकतो, ते मी धरतच नाही. साध्या ओल्या डांबरावर, गाडी जरा तिरकी असताना सरकणे ही गोष्ट वेगळी. पुढच्या टायरबद्दल माझी काही तक्रार नाही, तो चांगला धरतो. नाव तेच, स्टिकर तेच, आणि एक धरतो तर दुसरा सोडतो, यावरूनच मला शंका आली की दोन्हींचे रबर एक नाही. मागच्या टायरवर इंजिनचा जोर येतो, तो लवकर झिजतो, म्हणून कंपन्या मागे कडक रबर देतात हे मी जाणतो. त्यात गैर काही नाही. पण मग ‘जास्त किलोमीटर’साठी बनवलेल्या मागच्या टायरवर ‘पावसाळ्यात बिनधास्त’ हे स्टिकर कशासाठी?

क्लेम तपासायला तुमचे टेक्निकल साहेब विक्रेत्याच्या दुकानात आले होते. त्यांनी खाचांत गेज घातला, चाकाला चौफेर हात फिरवला आणि अहवालात तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, ‘ट्रेड ८० टक्क्यांहून जास्त शिल्लक’, म्हणजे खाचांची खोली. बरोबर आहे. टायर गोटा झाला असे म्हणतो कोण? दुचाकीसाठी झिजेची खूण ०.८ मिलिमीटरवर असते, तिच्यापासून हा टायर कोसभर लांब आहे. माझे म्हणणेच ते आहे की एवढ्या खाचा शिल्लक असूनही तो धरत नाही.

दुसरी, ‘हवेचा दाब कमी’. घसरल्यानंतर गाडी तीन आठवडे गॅरेजच्या मागे उभी होती आणि दाब त्यानंतर मोजला. गाडीच्या चेनकव्हरवर जो आकडा छापला आहे तेवढीच हवा मी ठेवतो आणि स्वतःच्या गेजने, गाडी थंड असताना तपासतो. आणि हवेचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो : पहिल्यांदा हेल्पलाइनला फोन केला तेव्हा तिकडच्या मुलीने मला सल्ला दिला, ‘सर, पावसात चार-पाच पॉइंट हवा कमी ठेवा, ग्रिप वाढते.’ तिला मी दोष देत नाही, समोर लिहून दिलेले असेल ते ती वाचणार. पण हा सल्ला उलटा आहे. हवा कमी झाली की टायर दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायची वाटच अरुंद होते. गाडी वळवताना जड लागते ते वेगळेच. तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत गाडीच्या कंपनीने सांगितलेलाच दाब ठेवा असे छापले आहे. म्हणजे हेल्पलाइनचे ऐकले तर वॉरंटी जाते आणि पुस्तिकेचे ऐकले तर ग्राहकाने सल्ला मानला नाही असे होते. यातले खरे काय, ते तुम्हीच लिहून कळवा.

तिसरी नोंद मात्र मला झोंबली. ‘रायडरने अचानक ब्रेक लावल्याची शक्यता.’ कुणी पाहिले? माझ्या गाडीला पुढच्या चाकाचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, मागे नाही, आणि दोन्ही असते तरी उपयोग नव्हता, कारण चाक ब्रेकने सरकलेच नाही. इंजिनच्या ओढीने सुटलेल्या चाकाला एबीएस सावरत नाही. वळण, गिअर, वेग सगळे मी पहिल्या तक्रारीत लिहिले होते. ते वाचायची तसदी घेतली असती तर हे वाक्य लिहिले गेले नसते.

आता मुद्द्याचे. तुमची सगळी जाहिरात खाचांवर आहे. खाचांनी पाणी कापायचे, वळवायचे, फेकायचे. साचलेल्या पाण्यातून वेगाने जाणाऱ्या चाकाला ते लागते, नाही कशाला म्हणू? पण मोटरसायकलचा टायर मुळात गोल पाठीचा. रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा भाग, आणि घाटात तीस-चाळीसच्या वेगात त्याच्याखालचे पाणी बरेचसे आपोआप दाबून बाहेर जाते. तिथे पकड धरते ती रबराची. रबर किती मऊ, गार पडल्यावर किती कडक होते, त्यात सिलिका (ओल्यात पकड वाढवायला रबरात मिसळतात ती पूड) किती, डांबरातल्या खडीच्या बारीक उंचवट्यांत ते शिरते की वरूनच सरकते, यावर सगळे असते. पावसात टायर तापत नाही, म्हणून गारव्यातही लवचीक राहणारे रबर लागते. याबद्दल तुमच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे : ‘हाय सिलिका कंपाउंड’, आणि शेजारी इवलीशी चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी : ‘निवडक साइजमध्ये उपलब्ध’. १३०/७०-१७ त्या निवडकांत आहे की नाही हे विक्रेत्याला माहीत नाही आणि हेल्पलाइनलाही नाही. टेक्निकल साहेबांनी ‘हेड ऑफिसला विचारा’ असे सांगितले. विचारतो आहे.

टायरच्या बाजूवर माणसाला वाचायला किती तरी असते. रुंदी, उंची, रिम. माझ्या टायरवर ‘६२ पी’ आहे, म्हणजे २६५ किलो भार आणि ताशी १५० किलोमीटर वेग. फिरण्याच्या दिशेचा बाण आहे, आयएसआयचा शिक्का आहे. कराड-चिपळूण रस्त्यावर १५०ने जाणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही, पण तो आकडा छापलेला आहे. ओल्या रस्त्यावर हा टायर किती धरतो, याचे मात्र अक्षर नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मी हा टायर निवडला, तीच मोजून सांगितलेली नाही.

ती मोजता येत नाही, असे म्हणू नका. कार, टेम्पो, बस आणि ट्रकच्या टायरांना एआयएस-१४२ हे मानक लागू झाले आहे. नव्या टायरांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून. त्यात ओल्या रस्त्यावरच्या पकडीची चाचणी आहे. ठरावीक जाडीचा पाण्याचा थर, ठरावीक रस्ता आणि एका प्रमाण टायरशी तुलना. दुचाकीचे टायर त्यात घेतलेले नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. तरीही चार चाकांवरच्या माणसाला ओल्या पकडीची हमी आणि दोन चाकांवरच्याला बोर्डावरचे चित्र! सरकारचे जे काही आहे ते सरकारला विचारीन. पण कायद्याने तुम्हाला सक्ती केली नाही तशी मनाईही केलेली नाही. ‘बिनधास्त’ हा शब्द छापण्याआधी कुठे तरी, काही तरी तपासले असेलच ना? तेच मागतो आहे.

आणखी एक. टायर बसवताना मी ‘माल ताजा आहे ना?’ असे विचारले होते. ‘लेटेस्ट आहे साहेब’ असे उत्तर मिळाले. चाक खोलल्यावर चेनच्या बाजूचे चार आकडे दिसले : ३५२२. म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. जून २०२५ मध्ये नवा म्हणून घेतलेला टायर पावणेतीन वर्षांचा. सावलीत, नीट ठेवलेला टायर तेवढ्या काळात वाया जातो असे माझे म्हणणे नाही. पण त्या दुकानात टायरांच्या उतरंडी दारात, उन्हात रचलेल्या असतात. फोटो जोडला आहे, त्यात तुमच्याच कंपनीचा छाप वर दिसतो. उन्हाने रबर कडक पडते हे कंपनीला मी सांगायला नको. पुढच्या टायरवर २०२५ चा आकडा आहे. रबर वेगळे म्हणून असेल किंवा जुने म्हणून, मागचा धरत नाही हे खरे. या दोहोंपैकी कारण कोणते, हे शोधणे तुमचे काम होते आणि नेमके तेच अहवालात नाही. अंगठ्याचे नख दाबून बघा, पुढच्यात रुतते, मागच्यात वरच्यावर राहते. नखाची परीक्षा शास्त्रीय नाही, कबूल. शास्त्रीय परीक्षेची यंत्रे तुमच्याकडे आहेत.

तेव्हा माझे मागणे असे. मागचा टायर बदलून द्यावा किंवा पूर्ण पैसे परत द्यावेत. झिजेच्या प्रमाणात कापून नव्हे, कारण तो झिजला म्हणून मी परत करत नाही. बदली टायर देणार असाल तर त्याचे रबर जाहिरातीतलेच आहे असे लेखी द्यावे आणि तो याच वर्षीचा असावा. ‘पावसाळ्यात बिनधास्त’ हा दावा १३०/७०-१७ या साइजवर तपासला होता का, तपासला असल्यास कोणत्या रस्त्यावर, किती पाण्यात आणि कशाच्या तुलनेत, हे कळवावे. तपासला नसेल तर तसेही लिहावे, मला चालेल. ‘अचानक ब्रेक’ची नोंद अहवालातून काढावी, कारण उद्या विम्याच्या कागदांत ती माझ्याविरुद्ध उभी राहील. आणि विक्रेत्यांना बिलावर टायरचा आठवडा-वर्ष लिहायला सांगावे. एका ओळीचे काम आहे. औषधाच्या पट्टीवर तारीख नसेल तर माझ्याकडून एकही दुकानदार माल घेत नाही.

फूटरेस्ट आणि गुडघ्याचा खर्च मी मागितलेला नाही. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मुद्देसूद उत्तर आले तर मागणारही नाही. पुन्हा दीड ओळ आली, तर मात्र ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगात जाईन. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या त्या कायद्याच्या कलम २(२८) मध्ये आहे. तेव्हा खर्च आणि बुडालेले कॉल दोन्ही त्यात धरले जातील.

टायर गाडीवरून उतरवून घरात ठेवला आहे. तुमच्या माणसाने येण्याआधी फोन करावा. रविवार सोडून संध्याकाळी सातनंतर मी कराडात असतो. टायर घेऊन जाताना पोच द्यावी, पोच दिल्याशिवाय तो मिळणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक
(स्वाक्षरी)

सोबत : बिलाची प्रत, तपासणी अहवालाची प्रत, दोन्ही टायरांवरच्या उत्पादन आठवड्याच्या आकड्यांचे फोटो, दुकानाबाहेरच्या उतरंडीचा फोटो, माहितीपत्रकाचे चांदणीवाले पान.