विषय: 'गेन मॅच' बटण आवाज जुळवत नाही, चौथ्यांदा कळवते आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीने फोन ठेवला. ४७ मिनिटांच्या कॉलमधली ३१ मिनिटं मी होल्डवर होते. राग निवायच्या आत लिहिते आहे, कारण याआधीच्या तीन मेल मी शांतपणे लिहिल्या होत्या आणि तिन्हींना तेच छापील उत्तर आलं.

तुमचा लिमिटर, म्हणजे गाण्याचा आवाज वाढवताना त्याची उंच टोकं दाबून धरणारं सॉफ्टवेअर, कसा चालतो हे तुम्हाला सांगायला नको. त्यातलं 'गेन मॅच' बटण गेन, म्हणजे आवाज, जितका वाढवला तितकाच बाहेर पडताना कमी करतं, म्हणजे आधीचा आणि नंतरचा आवाज सारखा राहावा. मागच्या अपडेटपासून ते आवाज जुळवत नाही. गाण्यावर विसंबायचं नाही म्हणून मी पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा खळखळाट, घेतला, उणे ३० लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा), म्हणजे लिमिटर कुठे पकडणारच नाही. गेन ६ डेसिबल वाढवून 'गेन मॅच' लावलं, तर बाहेरचा मीटर उणे ३० ऐवजी उणे २८.५ दाखवतो. १२ डेसिबलला उणे २७. वाढवलेल्या गेनच्या तीन चतुर्थांशाचीच भरपाई होते, बाकीचा आवाज तसाच वर राहतो. दोन वेगळ्या मीटरांवर, दोन कंप्युटरवर हेच आकडे आले. स्क्रीनशॉट पहिल्याच मेलला जोडले होते.

दीड डेसिबल क्षुल्लक वाटत असेल तर ते बटण मुळात कशासाठी दिलं आहे ते आठवा. जरा मोठ्याने वाजणारी गोष्ट कानाला आपोआप चांगली वाटते. आवाज वाढला की बास भरीव लागतो, वरच्या पट्टीत झळाळी येते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली ऐकण्याचे आलेख मांडले तेव्हापासून हे माहीत आहे. त्या मोहात पडू नये म्हणूनच आम्ही बायपास दाबून, म्हणजे लिमिटर क्षणभर बाजूला काढून, समान पातळीवर तुलना करतो. तुमच्या बटणावर भरवसा ठेवून मी प्रत्येक वेळी "हो, असंच छान वाटतंय" म्हणत गेन वाढवत गेले. छान काहीच झालं नव्हतं, नुसता आवाज मोठा होता.

त्यात तीन गाणी गेली. उणे १०.५ लफ्सपर्यंत जायचं ठरलं होतं, पोचलो उणे ८ ला. स्पॉटिफाय मूळ सेटिंगला गाणं उणे १४ लफ्सवर आणतं, म्हणजे माझी गाणी तिथे ६ डेसिबल खाली ओढली जातात. आवाज खाली येतो, पण लिमिटरने खाल्लेलं परत मिळत नाही. स्नेअर ड्रमचा टणका गेला तो गेलाच. रिलीज झाल्यावर गायिकेचा फोन आला, "अंतऱ्यातल्या 'परत'मधला 'प' कुठे गेला?" मी तेवढा तुकडा पन्नासदा तरी ऐकला असेल. त्याच क्षणी किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, पडते, लिमिटर ७ डेसिबल खाली दाबतो आणि तिच्या ओठांवरचा तो बारीक 'प' किकखाली गाडला जातो. मिक्समध्ये, म्हणजे लिमिटर लावायच्या आधी, तो स्वच्छ आहे. तो शब्द तिने अकरा वेळा गाऊन बरोबर आणला होता. तिला काय सांगू?

आता आजचं बोलणं. मी वरचे आकडे वाचून दाखवले. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, चालू केल्यावर आवाज मोठा येतोय ना? मग ते चांगलंच आहे." मी सांगितलं, मोठा येता कामा नये, तीच तर तक्रार आहे. तो म्हणाला, "तुमच्या मिक्समध्ये लो एंड, म्हणजे खालचे सूर, जास्त असेल." बास आणि किक एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून मी दोन दिवस घालवले आहेत, ३० हर्ट्झखालचा निरुपयोगी भाग कापला आहे, २५० च्या आसपासचा गढूळपणा काढून गाण्याला मोकळी जागा दिली आहे. शिवाय चाचणी पिंक नॉइजवर केली आहे, त्यात माझा मिक्स येतोच कुठे? हेही सांगितलं. क्षणभर तो गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे इंजिनिअर कोणी असतील तर त्यांना फोन द्या ना, त्यांना समजावून सांगतो."

इंजिनिअर मीच आहे. चौदा वर्षं हेच काम करते आहे. तसं सांगितल्यावर उत्तर आलं, "मग कान थकले असतील, उद्या ऐकून बघा." मीटरला कान नसतात हो! आकडा मीटरने दिला आहे. हे वाक्य मी त्याला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा बोलायच्या आत "तुमचा प्रश्न सुटला असं नोंदवू का?" असं विचारून त्याने फोन ठेवला. मी 'हो' म्हटलेलं नाही. तरी दोन मिनिटांत 'तक्रार निकाली' अशी मेल आली.

पुन्हा एकदा लिहिते, म्हणजे 'निकाली' काढताना कोणाला तरी दिसेल: 'गेन मॅच' जुळवत नाही, ६ ला दीड, १२ ला तीन.

तुमची पहिली आवृत्ती मी घेतली तेव्हा त्यातलं हे बटण अचूक होतं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी तुमचाच लिमिटर घ्यायला लावला आहे. आज त्याची लाज वाटते.

माझी तक्रार पुन्हा उघडा. जुनी आवृत्ती डाउनलोडसाठी परत द्या. दोष लेखी मान्य करा आणि सगळ्या ग्राहकांना कळवा, कारण माझ्यासारखेच कितीजण आज रात्री तेच बटण दाबून मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची प्रत, बाहेर काढत असतील. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर लायसन्सचे पैसे परत मागेन, ग्राहक आयोगाकडे जाईन आणि पिंक नॉइजची ही चाचणी व्हिडिओ करून सगळ्यांसमोर ठेवेन. ती करायला तीन मिनिटं लागतात. तुमच्याकडे कोणी ती अजून केलेली नाही.

तीन गाणी मी स्वखर्चाने पुन्हा मास्टर करते आहे, दुसऱ्या लिमिटरवर. 'प' ऐकू येतो आहे.

आपली,
एक जुनी ग्राहक