बाराखडी संपायची वाट कशाला बघायची?
मा. संपादक,
निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झालं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला नीट वाचता यावं असं त्याचं टार्गेट आहे, पण सगळं शाळेवरच का सोडायचं? पालकांना कळकळीने सांगते, पूर्ण बाराखडी पाठ व्हायची वाट बघू नका, ग म भ न एवढी चार अक्षरं आली की मन, नभ, गगन असे शब्द लगेच वाचून घ्या, मुलं जाम खूश होतात! गोष्ट वाचताना शब्दाखाली बोट फिरवा. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, एसटीचा बोर्ड, काहीही चालतं. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. आणि प्लीज, अडखळलं म्हणून ओरडू नका, मूल पुस्तकालाच घाबरायला लागतं.
— एक आजी, सातारा