दक्षिण स्टँडवरून काकाला

डॉर्टमुंड, रविवार

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. निम्मा वेळ कर्वे रस्त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या, उरलेल्या वेळात एकच प्रश्न: "फुटबॉलच्या मॅचमध्ये दोन गोल खाल्ल्यावरसुद्धा तिकडचे लोक गात असतात, हे खरं की टीव्हीवाले मागून आवाज वाढवतात?" व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं तर तू नुसता अंगठा पाठवशील, म्हणून चांगलं चार पानी पत्र लिहायला बसले आहे. काकूकडून मोठ्याने वाचून घे. तुझा चष्मा नेहमीप्रमाणे सापडणार नाही.

आवाज वाढवण्याबद्दल तुझा संशय अगदीच निराधार नाही. एकदा तसं झालं होतं. कोरोनात सगळं बंद पडल्यावर मोठ्या लीगांपैकी सगळ्यात आधी जर्मनीची सुरू झाली, 16 मे 2020 ला, आणि त्या दिवशी इथे आमच्या डॉर्टमुंड क्लबची शेजारच्या शाल्के क्लबशी मॅच होती. म्हणजे या भागातली सगळ्यात मोठी दुश्मनी, आणि स्टेडियममध्ये प्रेक्षक शून्य. डॉर्टमुंड 4-0 जिंकलं. मॅच संपल्यावर खेळाडू सवयीने रिकाम्या दक्षिण स्टँडपुढे (एरवी क्लबचे कट्टर लोक उभे असतात तिथे) गेले आणि समोर कोणी नसताना ओळीने उभे राहून उड्या मारल्या. त्या दिवसांत टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गलका लावून मॅच बघायची सोय होती. माझी घरमालकीण म्हणते, तिने तो एकदा लावला आणि लगेच बंद केला, कारण तो आवाज गोल हुकला तरी तितकाच खूश असायचा.

या बाईंबद्दल तुला फोनवर सांगितलं होतं. सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, तरी दक्षिण स्टँडवर उभं राहून मॅच बघतात. हे स्टेडियम 1974 च्या वर्ल्ड कपसाठी बांधलं आणि तेव्हापासून त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे उभं असतं. आधी वडील, मग नवरा, आता त्या आणि नातू. नातू शिकायला म्युनिकला गेला (तिथला बायर्न हा डॉर्टमुंडचा मोठा प्रतिस्पर्धी क्लब, म्हणून बाईंच्या मते याहून वाईट गाव त्याला मिळालं नसतं), म्हणून त्याचं सीझन तिकीट अधूनमधून माझ्या वाट्याला येतं. त्या जागेवर नाव नाही, नंबर नाही, पण बाई दहा मिनिटं उशिरा पोचल्या तरी आजूबाजूची माणसं त्यांच्यापुरती जागा मोकळी ठेवून उभी असतात. मला आधी सगळ्यांनी आपादमस्तक न्याहाळलं. मॅच संपेपर्यंत मात्र एका आजोबांनी माझ्या गळ्यात स्वतःचा मफलर घातला होता.

आता आकडे, कारण तुला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. स्टेडियममध्ये 81,365 माणसं मावतात आणि त्यातली 24,454 एकट्या दक्षिण स्टँडवर, सगळी उभी. पायऱ्या इतक्या चढ्या की पुढच्याचं डोकं आपल्या गुडघ्याशी येतं. खालून बघितलं तर पिवळ्या माणसांची सरळ भिंतच दिसते. युरोपातला उभ्याचा सगळ्यात मोठा स्टँड हाच, असं सगळे सांगतात.

आवाज कसा तयार होतो ते मला आपल्या पथकामुळे लगेच कळलं. खाली कुंपणावर एक पोरगा भोंगा घेऊन उभा असतो, मैदानाकडे पाठ करून. पूर्ण मॅच पाठ! त्याला गोल दिसत नाही, फाउल दिसत नाही, त्याचं लक्ष फक्त आपल्या माणसांवर. नदीपात्रात सरावाला आमचा ताशेवाला जसा सगळ्यांकडे तोंड करून उभा राहायचा आणि कोणाचा टोल मागे पडतोय ते त्याला नुसत्या नजरेने कळायचं, अगदी तसंच. मॅच रटाळ झाली की हा पोरगा आणखी पेटतो. बाकीचे तीन स्टँड निवांत बसून बिअर पीत असतात आणि इथली गाणी आपसूक त्यांच्यापर्यंत पोचतात. गोल झाला की निवेदक खेळाडूचं पहिलं नाव ओरडतो आणि आडनाव पब्लिक पूर्ण करतं. मग तो "धन्यवाद" म्हणतो आणि सगळं स्टेडियम एका सुरात "असू दे!" म्हणावं तसं उत्तर देतं. हा निवेदक म्हणजे नॉर्बर्ट डिकेल. 1989 च्या जर्मन कप फायनलमध्ये दुखऱ्या गुडघ्याने दोन गोल मारले, त्यानंतर फार खेळता आलं नाही, तर क्लबने त्याच्या हातात माइक दिला. इथे माणसं अशी मुरतात.

दोन गोल खाल्ल्यावर कोण गातं, हा तुझा खरा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजे 27 मे 2023. सीझनचा शेवटचा दिवस, समोर माइन्झ. डॉर्टमुंड जिंकलं असतं तर अकरा वर्षांनी विजेतेपद आलं असतं, बायर्नची सलग दहा वर्षांची मक्तेदारी मोडली असती. गाव सकाळपासून पिवळं होतं. मी गल्लीतल्या लोकांबरोबर अंगणात मोठ्या पडद्यावर बघत होते, बाई आत स्टेडियममध्ये. पंचवीस मिनिटांच्या आत 0-2. मध्ये एक पेनल्टीही वाया घालवली. शेवटी कसंबसं 2-2 केलं, तेही अगदी जादा वेळेत, पण तिकडे कोलोनमध्ये बायर्नच्या मुसियालाने 89 व्या मिनिटाला गोल मारला होता. दोघांचे गुण सारखेच, 71, आणि गोलफरकावर विजेतेपद बायर्नला. आमच्या अंगणात धडधाकट माणसं रडत होती. पडद्यावर मात्र दक्षिण स्टँड जागचा हलला नाही. थोडा वेळ सगळं सुन्न, आणि मग गाणं सुरू झालं. प्रशिक्षक तेर्झिच समोर येऊन उभा राहिला, डोळे लाल. तो स्वतः याच क्लबचा लहानपणापासूनचा भक्त. बाई रात्री उशिरा घरी आल्या, दारात बूट काढले आणि पुढच्या सीझनच्या तिकिटाचे पैसे कधी भरायचे ते कॅलेंडरवर बघितलं.

पण काका, नुसतं भारावून लिहिलं तर तू मला वेड्यात काढशील, म्हणून त्यामागचा व्यवहारही सांगते. दक्षिण स्टँडवरच्या उभ्याच्या तिकिटाला साधारण वीस युरो पडतात, आणि त्याच तिकिटावर इथल्या भागातल्या लोकल गाड्यांनी येणं-जाणंही होतं. ही काही मालकाची मेहेरबानी नाही. इथे 50+1 नावाचा नियम आहे: क्लबच्या कंपनीत मतांचा अर्ध्याहून जास्त हक्क सभासदांच्या संस्थेकडेच राहिला पाहिजे, पैसेवाला कितीही मोठा असो. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्गला यातून जुनी सूट आहे आणि लाइपझिगने पळवाट काढली म्हणून बाकीचे त्यांच्या नावाने बोटं मोडतात. डॉर्टमुंडचे सभासद दोन लाखांच्या वर आहेत. ते वार्षिक सभेला जातात, भांडतात, मतं देतात. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला तू जातोस त्याहून जास्त उत्साहाने.

तुझ्या मँचेस्टर युनायटेडचं बघ. 2024 च्या शेवटी, सीझन अर्धा झालेला असताना, त्यांनी घरच्या मॅचची उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंड केली. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची सवलतही काढली. मग जानेवारीत लिव्हरपूलच्या मैदानावर युनायटेड आणि लिव्हरपूलचे लोक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, निष्ठेचा गैरफायदा घेऊ नका अशा अर्थाचा फलक धरून एकत्र उभे राहिले. क्लबवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: किराणा महागला तर माणूस दुकान बदलतो, क्लब बदलत नाही. त्यामुळे बाईंसारखी माणसं कितीही पिळली तरी येणारच. आणि काचेमागच्या महागड्या खुर्च्या, जगभरचे टीव्हीचे हक्क, तुझं रात्री दीड वाजता जागणं हे सगळं ज्या वातावरणाच्या जिवावर विकलं जातं, ते वातावरण बाई आणि तो भोंगेवाला फुकट तयार करतात. वर तिकिटाचे पैसेही त्यांनीच भरायचे. मला यात सगळ्यात जास्त राग याचा येतो.

इथे फरक इतकाच की स्टँडवरची माणसं आपला आवाज काढून घेऊ शकतात आणि घेतातही. 2023 च्या डिसेंबरमध्ये लीगच्या क्लबांनी टीव्हीच्या उत्पन्नातला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, जवळपास एक अब्ज युरोंसाठी. तेव्हा देशभर स्टँडवाल्यांनी पहिली बारा मिनिटं तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. मी होते तेव्हा. हजारो माणसं गच्च उभी, आणि बुटाने चेंडू मारल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येतोय. गोलकीपरची शिवीसुद्धा. बसलेल्या लोकांना काय करावं सुचेना, खेळाडूही बावचळले. मग पुढच्या आठवड्यांत टेनिसचे चेंडू, चॉकलेटची नाणी मैदानात पडायला लागली, मॅचेस थांबायला लागल्या, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लीगने तो सौदा गुंडाळला. सोमवारच्या मॅचचंही असंच झालं होतं. कामाच्या दिवशी रात्री मॅच लावली म्हणून 2018 मध्ये आउग्सबुर्गविरुद्ध लोक आलेच नाहीत. एरवी 80 हजार येतात तिथे 54 हजार, आणि ही भिंत अर्धी रिकामी. बाईही घरी बसल्या होत्या, आणि हे त्या 2023 च्या त्या दिवसापेक्षा जास्त अभिमानाने सांगतात. पुढे सोमवारच्या मॅचेस बंद झाल्या.

क्लब काही धुतल्या तांदळासारखा नाही हं. शेअर बाजारात उतरलेला हा पहिला जर्मन क्लब. भरमसाट खर्च करून 2005 मध्ये दिवाळ्याच्या उंबरठ्यावर गेला, स्टेडियमचं नाव विमा कंपनीला विकलं (बाई ते नाव उच्चारत नाहीत), आणि 2024 मध्ये शस्त्रं बनवणाऱ्या र्‍हाइनमेटालची जाहिरात घेतली म्हणून सभासद अजून धुमसताहेत. पण इथल्या खाणी बंद झाल्या, पोलादाचा कारखाना बंद झाला, त्याच्या जागी आता तळं आहे आणि तळ्याभोवती महागडे बंगले. बाईंचे वडील जिथे कामाला होते तिथे आज बदकं पोहतात. ज्या गावात एवढं सगळं गेलं तिथली माणसं क्लबही हातचा जाऊ देतील, असं मला वाटत नाही.

आणि आपलं बालेवाडी? तू मला नारिंगी टी-शर्ट घालून नेलं होतंस, त्रेझेगेला बघायला. वर्ल्ड कप जिंकलेला माणूस पुण्यात खेळतोय म्हणून तू आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना पिडलं होतंस. एफसी पुणे सिटी 2014 ला आला, एकदाच प्लेऑफपर्यंत गेला आणि 2019 मध्ये पैशांअभावी संपला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. मला वाईट याचं वाटतं की कोणाला विचारायची गरजच पडली नाही, कारण विचारायला सभासद नव्हतेच. आपण गिऱ्हाईक होतो. दुकान बंद झालं, आपण घरी आलो आणि परत रात्री युनायटेड लावलं.

काकूला हे वाचून हसू येत असेल. तिच्या माहेरी यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलला समोरासमोर आल्या की तिचे भाऊ आदल्या रात्री झोपत नाहीत, आणि तालीम उचलून कोणी सांगलीला नेऊ शकत नाही. तुम्ही दोघं कोल्हापूरला गेलात की एकदा तरी मेव्हण्यांबरोबर मॅचला जा. दरवेळी नुसती मिसळ ओरपून परत येतोस.

आता तुझ्या येण्याचं. एप्रिलमध्ये येतोस तर घरची मॅच मिळायला हरकत नाही, पण तारखा उशिरा पक्क्या होतात, तेव्हा विमानाचं तिकीट शनिवारला चिकटवून काढू नकोस. तू विचारलेलं ते जेवणासकटचं पाहुण्यांचं तिकीट मी अजिबात काढणार नाही. त्यात वातावरण काचेपलीकडे असतं. तुझ्या गुडघ्यांना सोसवेल का ते आधी डॉक्टरांना विचार. नाहीच जमलं तर पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसायची जागा बघू, तिथून दक्षिण स्टँड सबंध दिसतो. बाई म्हणाल्या, त्या तुझ्यासाठी जागा धरतील, अट एकच: मैदानात काही का होईना, शेवटची शिट्टी होईपर्यंत निघायचं नाही. म्हणजे गर्दीच्या आधी गाडी काढू, हा तुझा गहुंज्याचा नियम इथे चालणार नाही.

शाकाहारी म्हणून तुझे हाल होणार. फ्राइज आणि ब्रेड, बस. येताना मेतकूट आणि थालीपीठाची भाजणी आण, पण मेहेरबानी करून तो तुझा आवडता निळा शर्ट घरी ठेव. निळा रंग शाल्केचा. त्या क्लबचं नाव बाई घेत नाहीत, शेजारच्या हेर्ने गावावरून "हेर्ने-पश्चिम" एवढंच म्हणतात, आणि तू तो शर्ट घालून आलास तर मला नवीन घर शोधावं लागेल.

काकूला नमस्कार. आजीचं बीपी काय म्हणतंय ते नक्की कळव.

तुझी,
मनू