बेवारस रंधा

प्रिय सुध्या,

तुझ्या जुन्या हत्यारांचे फोटो मिळाले. खाली नुसतं "नाव नाही, मग कुणाची?" लिहून मोकळा झालास. अरे, समोरून झगझगीत उजेड मारल्यावर काय दिसणार? टॉर्च आडवी धर, झिजलेला ठसा तिरप्या उजेडातच वर येतो. आणि कृपा करून ग्राइंडर लावू नकोस. हा पराक्रम मी एका पटाशीवर करून बसलोय. गंजाखालून दोन अक्षरं डोकावली, हुरूप आला, आणखी घासली, तीही गेली! आता चकाकते छान, पण कुणाची ते देव जाणे. आधी तेल लावून पितळी ब्रश फिरव.

करवतीच्या मुठीवरचा गरुडाचा बिल्ला पाहून तू हरखलास. पण त्यावरचं 'वॉरंटेड सुपीरियर' (म्हणजे 'हमखास उत्तम') हे नाव नव्हे, बढाई आहे. असे बिल्ले कितीतरी कारखाने लावायचे, डिस्टनसारखे नामांकितसुद्धा, आपल्या स्वस्त करवतींना. त्यापेक्षा मुठीचा घाट बघ. तिची वळणं, टोकं, स्क्रूंची संख्या नाव असलेल्या करवतींशी ताडून पाहा. फक्त मूठ मूळचीच आहे ना, ते आधी तपास.

रंध्यात मात्र मजा आहे. पातं विसर, ते कुणीही बदललेलं असू शकतं. पातं ज्या तिरक्या ठोकळ्यावर टेकतं, त्याच्या मागे तळाच्या ओतकामात काही उठलंय का पाहा. स्टॅनली कारखान्याच्या काही रंध्यांवर तिथे पेटंटच्या तारखा असतात: 1902 चा मार्च, ऑगस्ट, 1910 चा एप्रिल. तारीख सापडली तर रंधा त्यानंतरचा, त्याच वर्षाचा असं नव्हे. पात्यावरच्या दाबपट्टीचं भोक कुलपाच्या भोकासारखं नसून मूत्रपिंडाच्या आकाराचं असेल, तर ती पट्टी 1933 किंवा त्यानंतरची. पण पट्टीही बदलता येते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नकोस.

माझा भरवसा स्क्रूच्या आट्यांवर. 12 नंबरच्या स्क्रूला प्रमाणानुसार इंचाला 24 किंवा 28 आटे असतात. स्टॅनलीच्या मुठीच्या स्क्रूला असतात 20! नाव घासून जातं, पण कारखान्याची असली खोड राहते. नक्कल करणाऱ्यांनीही ती उचललेली असू शकते, एवढं ध्यानात ठेव.

नाव मिळालं तरी कोडं सुटतंच असं नाही म्हणा. क्राफ्ट्समनच्या हत्यारांवर विकणाऱ्या सिअर्सचं नाव गाजलं, घडवणारे कारखाने मात्र दुसरेच.

तर मुठीचा स्क्रू काढ. आटे मोजायचं गेज नसेल तर ओल्या मातीवर दाबून एका इंचातल्या रेघा मोज आणि आकडा कळव. मूठ चिरू नकोस म्हणजे झालं.

तुझाच,
बाळ्या