आधी ट्रॉली द्या, मग माणसं

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ ते १० आपण गावातला कचरा वेचणार आहोत: मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडा, ओढ्याचा काठ आणि शेतांकडे जाणारी पाणंद. हे वाचून ‘येतो की’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते येतातही. म्हणून यंदा मागणीची सुरुवात उलट्या टोकाकडून करतो.

गेल्या वेळी आम्ही तोंडघशी पडलो. सकाळभर गोण्या भरल्या, सुतळीनं तोंडं बांधली, रस्त्याकडेला ओळीनं लावल्या, फोटो काढले आणि घरी गेलो. ट्रॉली संध्याकाळी येणार होती म्हणे. ती ठरवली कोणीच नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. तीन रात्रींत कुत्र्यांनी गोण्या फाडल्या आणि पिशव्या उडून पुन्हा कुंपणाच्या तारांवर जाऊन बसल्या. तोच कचरा दुसऱ्यांदा वेचायला आम्ही आठच जण होतो. चूक समितीची होती, दुसऱ्या कोणाची नाही.

तेव्हा पहिली गरज दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची, चालकासकट, सकाळी ९ पासून दुपारपर्यंत. दुसरी गरज १० ते १ या वेळात थांबणाऱ्या पंधरा जणांची. हे काम कोणाला आवडत नाही, फोटोतही दिसत नाही: भरलेल्या गोण्या ताडपत्रीवर ओतायच्या आणि बाटल्या, पत्रा-लोखंड, काच असं वेगवेगळं करायचं. सगळं एकत्र कोंबलेली गोणी भंगारवाला हातात धरत नाही. चकचकीत पाकिटं तर तो निवडलेलीही घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सहजासहजी सुटे होत नाहीत. ती पाकिटं आणि इतर उरलंसुरलं कचरा केंद्रावर पोचवायचं आहे. तिथं आधी विचारून ठेवलं आहे.

‘एवढा खटाटोप कशाला, काडी लावा’ असं दरवेळी कोणीतरी सुचवतं. नको. पाइप, वायरींचं आवरण अशा पीव्हीसीच्या वस्तू उघड्यावर जाळल्या की घसा जाळणारा हायड्रोजन क्लोराइड वायू आणि डायॉक्सिनं तयार होतात. डायॉक्सिनं धुराबरोबर गवतावर बसतात, गवतातून जनावरात जातात आणि चरबीत साठत साठत दुधात उतरतात. म्हणजे ढीग दिसेनासा होतो आणि त्यातला विषारी वाटा आपल्याच घरी येतो.

न वेचलेल्या कचऱ्याचंही तेच. गाय गवताचा घास जिभेनं ओढते, त्यात तारेचा तुकडा आला तर निवडून टाकत नाही. तो जड तुकडा पोटाच्या पुढच्या, जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो. त्या कप्प्याच्या आणि हृदयाच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, आणि कप्पा आकुंचन पावताना तार पुढे सरकत राहते. त्यामुळे बाटल्यांच्या नादात पाणंदीतली सुटी तार आणि खिळे मागे ठेवू नका, उलट आधी तेच उचला.

ओढ्याकाठी मागच्या खेपेला गवतातून एक फुटकी बादली ओढून काढली. तळाशी वाटीभर पाणी, आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. असं पाणी ओढ्यात नाही, कोरड्या मातीवर ओतायचं. जुने टायर दिसले तर सांगा, ते ट्रॉलीत सगळ्यात आधी चढतील.

वस्तूंत आम्हाला हवेत जाड हातमोज्यांचे ६० जोड, लांब दांड्याचे चिमटे, रिकामी पोती, दोन ताडपत्र्या, एक वजनकाटा आणि भडक रंगाची जॅकेटं. पातळ प्लास्टिकचे हातमोजे कृपया देऊ नका, काचेपुढे ते टिकत नाहीत आणि शेवटी कचऱ्यातच भर पडते. रोख द्यायची असेल तर फक्त डिझेलपुरती, आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

येणाऱ्यांनी पूर्ण बाह्या आणि बंद बूट घालून यावं. जोडीजोडीनं काम करू: एकानं पोतं धरायचं, दुसऱ्यानं उचलायचं. ढिगाला हात लावण्याआधी काठीनं हलवून बघा. खाली साप-विंचू असतात. सुई-सिरिंज दिसली तर हात न लावता गटप्रमुखाला हाक मारा, त्याच्याकडे चिमटा आणि जाड झाकणाचा डबा असेल. कीटकनाशकाच्या बाटल्या आणि अनोळखी द्रव उघडून हुंगायचे नाहीत, तेही त्यालाच दाखवायचे. पोतं दोन-तृतीयांश भरलं की बांधा, ओला कचरा दिसतो त्याहून जड असतो. रस्त्याच्या कडेला फक्त मोठी माणसं, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं. मुलांकडे ताडपत्रीजवळ वजनं लिहायची वही राहील.

त्याआधी घरबसल्या एक काम सगळ्यांनाच करता येईल. एस्टोनियात ३ मे २००८ रोजी सुमारे ५०,००० लोकांनी एका दिवसात जवळपास १०,००० टन कचरा उचलला, पण त्याआधी स्वयंसेवकांनी कुठे कुठे ढीग आहेत ते नकाशावर नोंदवून ठेवलं होतं. आपला नकाशा शाळेच्या फळ्याएवढा पुरे. तुमच्या बांधाजवळ, मोरीखाली, विहिरीपाशी ढीग असेल तर त्याची जागा आणि अंदाजे आकार समितीच्या वहीत लिहून जा. कोणी टाकला ते लिहू नका, तो वेगळा विषय आहे आणि त्यात रविवार संपेल.

नावं त्याच वहीत नोंदवायची आहेत, ट्रॉलीवाल्यांनी गुरुवारपर्यंत. गुरुवारी रात्रीपर्यंत दोन ट्रॉल्या पक्क्या झाल्या नाहीत, तर मोहीम पुढच्या रविवारवर ढकलू आणि तसं शुक्रवारी सकाळी फलकावर लिहू. फलक बघूनच घराबाहेर पडा.

— स्वच्छता समिती